सळई निवतेच का?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार इंडक्शन भट्टीत टाकतात, सुमारे १६०० अंश सेल्सिअसला त्याचा रस होतो, रसाची बिलेटं ओततात आणि ती अकराशे अंशांच्या घरात तापलेली असताना एकामागून एक रोलमधून काढत त्यांची सळई करतात. त्या वेळी ती केशरी-पिवळी दिसते. मग तांबडी होते, मग काळपट तांबडी, आणि शेवटी नेहमीची काळी. भट्टीवर वर्षानुवर्षं उभा राहिलेला माणूस नुसत्या रंगावरून ताप ओळखतो, कारण रंग आणि ताप यांचं नातं पक्कं आहे. लोखंड असो, तांबं असो की वीटभट्टीतली वीट, ठरावीक तापमानाला सगळ्यांचा रंग जवळपास सारखाच.

या सळईबद्दल दोन प्रश्न विचारता येतात. अकराशे अंशांना ती केशरीच का दिसते, निळी का नाही? आणि ती निवतच का जाते? शेडच्या कोपऱ्यात पडलेली थंड सळई आजूबाजूच्या हवेतली उष्णता गोळा करून आपोआप लाल झाली, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. पहिल्या प्रश्नातून क्वांटम सिद्धांत जन्मला, हे बारावीच्या भौतिकशास्त्रापर्यंत आलेल्या कुणालाही ठाऊक असतं. दुसरा प्रश्न काळाच्या दिशेचा आहे आणि तो सहसा वेगळ्या प्रकरणात शिकवला जातो. मला सांगायचं आहे ते एवढंच, की हे दोन प्रश्न मुळात एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र होते. तो दुसऱ्याचं उत्तर शोधायला निघाला आणि त्याला पहिल्याचं सापडलं. दुसरा अजून पूर्ण सुटलेला नाही.

तो माणूस मॅक्स प्लांक. पाठ्यपुस्तकांतली कथा अशी असते, की जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे तापलेल्या वस्तूतून अतिनील किरणांचा अनंत लोट यायला हवा होता, हे संकट पाहून प्लांकने ऊर्जेचे तुकडे कल्पिले. ही कथा सोपी आहे, पण खरी नाही. ‘अतिनील संकट’ हे नाव पॉल एरनफेस्टने १९११ मध्ये दिलं, प्लांकच्या शोधानंतर अकरा वर्षांनी. प्लांकची ओढ वेगळीच होती. १८९७ ते १८९९ या काळात त्याने बर्लिनच्या अकादमीपुढे एकापाठोपाठ निबंध वाचले आणि त्यांचा विषय होता प्रारणातल्या अपरिवर्तनीय घटना. म्हणजे एकदा घडल्या की उलट न घडणाऱ्या.

उष्णता गरमाकडून थंडाकडेच जाते, हा नियम प्लांकला निसर्गाचा अढळ कायदा वाटत असे. व्हिएन्नाच्या लुडविग बोल्ट्झमनचं मत निराळं होतं. त्याच्या मते हा कायदा म्हणजे निव्वळ संख्येचा हिशेब. अणूंच्या विस्कळीत मांडण्या असंख्य असतात, सुबक मांडण्या मोजक्या. म्हणून विस्कळीतपणाकडे जाणं जवळपास निश्चित दिसतं, एवढंच. प्लांकला हे ‘जवळपास’ खटकत होतं. अणूंच्या टकरी मागेपुढे सारख्याच चालतात, त्यांतून एकेरी दिशा कशी निघेल? त्याने वाट काढली ती विद्युतचुंबकीय लहरींमधून. एखादा कंप पावणारा कण समोरून आलेली लहर शोषतो आणि ती गोलाकार पसरवून देतो. पसरलेली लहर पुन्हा गोळा होत नाही. इथेच काळाची दिशा सापडेल, असं त्याला वाटलं.

बोल्ट्झमनने लगेच चूक दाखवली. लहरींची समीकरणंसुद्धा मागेपुढे सारखीच चालतात. पसरणारी लहर जितकी नियमात बसते, तितकीच चारी दिशांनी येऊन एका बिंदूवर गोळा होणारी लहरही बसते. दुसरी आपल्याला दिसत नाही, पण समीकरण तिला मनाई करत नाही. प्लांकला हे मान्य करावं लागलं.

दरम्यान बर्लिनमध्येच दुसरं काम चाललं होतं, पूर्णपणे व्यवहारी. दिव्यांचा उजेड मोजायला प्रमाण हवं म्हणून तिथल्या शाही मापनसंस्थेत तापवलेल्या पोकळ्यांतून येणाऱ्या किरणांची काटेकोर मोजमापं होत होती. ७ ऑक्टोबर १९०० या रविवारी हाइनरिख रुबेन्स प्लांककडे चहाला आला आणि त्याने नवे आकडे सांगितले. लांब लहरींच्या बाजूला तोवरचं सूत्र कोलमडत होतं. त्याच संध्याकाळी प्लांकने नवं सूत्र जुळवलं. १९ ऑक्टोबरला ते मांडलं, आकड्यांशी ते चोख जमलं. पण ते का जमतं, हे सांगता येईना. अखेर त्याने ज्याचा इतकी वर्षं विरोध केला, ती बोल्ट्झमनची मोजणीची पद्धतच हाती घेतली. मोजायचं तर मोजण्याजोगे तुकडे हवेत, म्हणून ऊर्जा कंपनसंख्येच्या प्रमाणातल्या तुकड्यांत वाटली. १४ डिसेंबर १९०० रोजी त्याने हे जाहीर केलं. बोल्ट्झमनचं म्हणून प्रसिद्ध असलेलं एन्ट्रॉपीचं, म्हणजे विस्कळीतपणाच्या मापाचं, सूत्र त्यातल्या स्थिरांकासह आज ज्या रूपात लिहितात, ते रूप प्लांकनेच दिलं. आपण नाइलाजाच्या टोकाला जाऊन ते पाऊल उचललं, असं त्याने फार पुढे एका पत्रात लिहिलं.

सळईच्या रंगाचं उत्तर असं मिळालं. निळ्या प्रकाशाचा एक तुकडा मोठा, त्याला पुरेल एवढी ऊर्जा अकराशे अंशांच्या पोलादात क्वचितच एका जागी जमते. तांबड्याचा तुकडा लहान, आणि अवरक्ताचा त्याहून लहान. म्हणून ती सळई खरं तर बहुतेक सगळी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत देते. तिच्या प्रारणाचं शिखर दोन मायक्रोमीटरच्या आसपास असतं आणि आपल्याला दिसणारा उजेड एकूण ऊर्जेच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरतो. ताप मोजायची किरणांवर चालणारी उपकरणं आजही प्लांकच्या याच सूत्राने आकडा काढतात.

पण निवण्याचं काय? १९०० मध्ये त्याचं उत्तर बोल्ट्झमनच्या पदरात पडलं आणि प्रश्न पंचवीस वर्षं मागे सरला. १९२६ मध्ये एर्विन श्रोडिंगरने क्वांटम सिद्धांताचं मुख्य समीकरण लिहिलं आणि प्रश्न पुन्हा पुढ्यात आला, कारण हेही समीकरण मागेपुढे सारखंच चालतं. आज कणाची अवस्था काय आहे ते पूर्ण माहीत असेल, तर उद्याची काढता येते आणि कालचीही. त्यात विस्मरण नाही, झीज नाही, निवणं नाही.

शिवाय या समीकरणात काळाचं स्थान चमत्कारिक आहे. कण कुठे आहे, त्याचा वेग किती, ऊर्जा किती, या गोष्टी क्वांटम सिद्धांतात मोजायच्या राशी आहेत. त्यांना निश्चित किंमत नसू शकते, मोजल्यावर ती मिळते. काळ मात्र अशी राशी नाही. तो बाहेरून येतो, जणू प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक घड्याळ आहे आणि सिद्धांताने त्याला हात लावायचा नाही. वोल्फगांग पाउलीने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं, की काळालाही इतर राशींसारखं वागवायला गेलं तर ऊर्जेला तळ उरत नाही आणि मग कुठलाच अणू स्थिर राहणार नाही. म्हणून भिंतीवरचं घड्याळ तसंच राहिलं. हे घड्याळ न्यूटनचं आहे: सगळीकडे सारखं, कुणाकडेही न पाहता चालणारं.

आइन्स्टाइननंतर असं घड्याळ उरलेलं नाही, आणि त्याचा पुरावा जालन्यातच देता येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. जालना सुमारे ७५.९ अंशांवर. दर अंशाला चार मिनिटं धरली तर जालन्याचा सूर्य माध्यान्ही येतो तेव्हा आपल्या घड्याळात सरासरी बारा वाजून सव्वीस मिनिटं झालेली असतात. हा फरक माणसांनी ठरवलेला, कायदा बदलला की जाईल. पण दुसरा एक फरक कायद्याने जाणार नाही. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. उंचावर गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव किंचित कमी, म्हणून काळ किंचित जलद चालतो. हिशेब केला तर मुंबईच्या किनाऱ्यावरच्या घड्याळापेक्षा जालन्यातलं घड्याळ वर्षाला साधारण १.७ मायक्रोसेकंद पुढे जातं. सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझिअम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर ठरलेली आहे, आणि आजच्या उत्तम अणुघड्याळांना हा फरक स्पष्ट दिसतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत शास्त्रज्ञांनी अवघ्या एका मिलिमीटरच्या उंचीतला फरकही मोजला.

तर मग श्रोडिंगरच्या समीकरणातला काळ कोणता? मुंबईचा की जालन्याचा? एका अणूपुरता विचार करताना हा प्रश्न टाळता येतो, कारण तो अणू जिथे आहे तिथलं घड्याळ घेतलं की झालं. पण वस्तुमानाने काळ बदलतो आणि वस्तुमान स्वतः क्वांटम अवस्थेत, एकाच वेळी दोन जागी असू शकतं. तेव्हा बाहेरचं घड्याळ कुठे टांगायचं, याला उत्तर नाही. आजच्या भौतिकशास्त्रातली ही माझ्या मते सर्वांत खोल अडचण आहे.

आता मोजमापाकडे येऊ, कारण क्वांटम सिद्धांतात एकेरी दिशा शिरते ती इथेच. कण दोन फटींतून एकदम जातो तेव्हा पडद्यावर व्यतिकरणाचे पट्टे उमटतात. कोणत्या फटीतून गेला हे टिपलं, की पट्टे जातात आणि ते परत आणता येत नाहीत. यावरून मराठीतही पुष्कळदा असं लिहिलं जातं, की पाहणाऱ्याच्या मनामुळे वास्तव ठरतं. हे लिहिणाऱ्यांना मी एका प्रयोगाकडे बघायची विनंती करतो. २००४ मध्ये व्हिएन्नात अँटन झाइलिंगर यांच्या गटाने सत्तर कार्बन अणूंच्या रेणूंचं व्यतिकरण दाखवलं. मग त्यांनी लेसरने ते रेणू तापवत नेले. तापलेला रेणू आमच्या सळईसारखाच स्वतःहून प्रकाशकण सोडतो. जसजसा ताप वाढला तसतसे पट्टे पुसट झाले, आणि ३००० केल्विनच्या आसपास नाहीसे झाले. तिथे रेणूकडे कुणी पाहत नव्हतं. रेणूने सोडलेला प्रकाशकणच त्याच्या जागेची माहिती घेऊन बाहेर गेला होता. माहिती परिसरात गळली, एवढं पुरेसं होतं.

जी वस्तू प्रकाशत असते ती दर क्षणी आपली माहिती सभोवार उधळत असते आणि ती परत गोळा करणं तत्त्वतः शक्य असलं तरी व्यवहारात अशक्य असतं. सळई एकाच जागी दिसते, दोन जागी नाही, आणि सळई निवते, या दोन गोष्टींचं मूळ एकच आहे. मन, जाणीव, निरीक्षक यांना मध्ये आणायची गरज नाही. अर्थात एवढ्याने सगळं संपत नाही. अनेक शक्यतांमधून नेमकी हीच का प्रत्यक्षात आली, यावर भौतिकशास्त्रज्ञांत आजही एकमत नाही.

आणि बोल्ट्झमनने काढलेला मूळ आक्षेपही शिल्लक राहतोच. प्रकाशकण बाहेरच का जातात? चारी बाजूंनी आत येऊन सळई तापवत का नाहीत? १९०९ मध्ये यावरून वाल्टर रिट्झ आणि आइन्स्टाइन यांचा वाद झाला. रिट्झ म्हणे, बाहेर पसरणं हाच निसर्गाचा मूळ नियम आहे. आइन्स्टाइन म्हणे, नियम दोन्हीकडे सारखा, दिशा फक्त संभाव्यतेमुळे. दोघांनी मिळून एक छोटा निबंध छापला आणि त्यात आपापला मतभेद नोंदवून ठेवला. वाद घालण्याची इतकी सभ्य पद्धत विज्ञानातही विरळाच.

१९४५ मध्ये जॉन व्हीलर आणि रिचर्ड फाइनमन यांनी धाडसी पाऊल टाकलं. त्यांनी मानलं, की प्रत्येक विद्युतभारित कण अर्धी लहर भविष्याकडे आणि अर्धी भूतकाळाकडे पाठवतो. भविष्यात कुठेतरी ती लहर शोषणारे कण असतात, ते आपली उलटी अर्धी लहर मागे पाठवतात, आणि बेरीज केली की भूतकाळाकडे जाणारा भाग शून्य होऊन आपल्याला दिसते तेवढीच लहर उरते. म्हणजे जालन्यातली सळई निवू शकते, कारण विश्वाच्या भविष्यात तिचा प्रकाश शोषणारं काहीतरी आहे.

इथे आपल्या जयंत नारळीकरांचं नाव येतं. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम करत होते. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात काळाचं स्वरूप या विषयावर मोजक्या शास्त्रज्ञांची परिषद भरली. हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, रॉजर पेनरोज, व्हीलर अशी मंडळी तिथे होती, आणि फाइनमनही होते. चर्चेच्या छापील वृत्तांतात आपलं नाव नको असं त्यांनी सांगितल्यामुळे त्यात ते ‘मिस्टर एक्स’ म्हणून बोलतात. पंचविशीही न गाठलेल्या नारळीकरांनी हॉइल यांच्यासह तिथे मांडलेला मुद्दा नेमका याच शोषकांचा होता. विश्वाचं भविष्य प्रकाश पूर्ण शोषू शकतं का, हे विश्वाच्या प्रसरणावर अवलंबून आहे. कायम पातळ होत जाणाऱ्या महास्फोटाच्या विश्वात शोषण अपुरं पडतं. नवं द्रव्य निर्माण होत राहणाऱ्या स्थिर स्थितीच्या विश्वात ते पूर्ण होतं. तेव्हा प्रकाश बाहेरच पसरतो, ही साधी वस्तुस्थिती स्थिर स्थितीच्या बाजूने पुरावा ठरते, असा त्यांचा दावा. १९६९ ते १९७१ दरम्यान दोघांनी हा सिद्धांत क्वांटम रूपातही मांडला. अणू आपणहून खालच्या पातळीवर उतरतो आणि प्रकाशकण सोडतो, ही त्यांच्या मांडणीत एकट्या अणूची करणी नाही. साऱ्या विश्वाचा प्रतिसाद त्यात असतो.

हा दावा टिकला नाही असंच म्हणावं लागेल. १९६५ मध्ये सर्व दिशांनी येणारं वैश्विक पार्श्वप्रारण जाहीर झालं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. १९९० मध्ये कोबी उपग्रहाने त्या प्रारणाचा आलेख काढला, तो प्लांकच्या सूत्रावर तंतोतंत बसला. तापमान २.७ केल्विन, शिखर सुमारे एक मिलिमीटरला. अकराशे अंशांच्या पोलादाचा आलेख आणि सबंध आकाशाचा आलेख एकाच घडणीचे आहेत. आकाशही निवत आलेलं आहे. आज बहुतेकांचं मत असं, की काळाची दिशा येते ती विश्वाच्या आरंभीच्या विलक्षण सुबक अवस्थेतून, आणि तो आरंभ इतका सुबक का होता, हे कोडं पेनरोज आजवर मांडत आले आहेत. नारळीकरांनी मात्र महास्फोट शेवटपर्यंत स्वीकारला नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांचं उत्तर चुकलं असेल, पण एका सळईचा प्रश्न सगळ्या विश्वाला विचारायचं धैर्य त्यात होतं, आणि हे धैर्य मला त्या उत्तरापेक्षा मोलाचं वाटतं.

विश्वाच्या त्या आरंभापाशी गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम दोन्ही एकदम लागू होतात, आणि भिंतीवरच्या घड्याळाची अडचण तिथे टाळताच येत नाही. १९६७ मध्ये ब्राइस डीविट यांनी साऱ्या विश्वाचं क्वांटम समीकरण छापलं. त्यात काळ नाहीच. विश्वाबाहेर भिंत नाही, तर घड्याळ कुठलं असणार? या कोड्यावर ज्यांनी सर्वांत चिकाटीने काम केलं त्यांत धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला १९४९ मध्ये जन्मलेले अभय अष्टेकर अग्रभागी आहेत. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली आणि त्यातून अवकाशाच्या बारीक वेटोळ्यांचा क्वांटम सिद्धांत उभा राहिला. २००६ मध्ये अष्टेकर, तोमाश पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी साध्या विश्वाचं प्रतिरूप सोडवलं. बाहेरचा काळ त्यात नव्हताच. त्यांनी विश्वातच भरून असलेल्या एका क्षेत्राची किंमत घड्याळ म्हणून घेतली आणि तिच्या मानाने विश्वाचा आकार कसा बदलतो ते पाहिलं. आपल्याकडची म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, ‘बहात्तरच्या दुष्काळानंतर विहीर खणली, विहिरीनंतर थोरलीचं लग्न’ असं सांगतात. एका घटनेचं दुसरीशी नातं लावलं की पंचांगाची गरज राहत नाही. अष्टेकरांचं गणितही असंच नात्यांनी चालतं. त्यांचं फळ असं निघालं, की मागे जात राहिलं तर विश्व बिंदूत संपत नाही. प्रचंड घनतेला पोचून ते उलटतं आणि त्याच्या पलीकडेही आकुंचणारं विश्व असतं. प्रयोगाचा पुरावा याला अजून मिळालेला नाही.

मूलभूत समीकरणात काळ नसणं म्हणजे काळ भ्रम आहे, असा निष्कर्ष काही लेखक काढतात. मला तो मान्य नाही. उष्णता एकेका अणूत नसते, तरी सळईने हात भाजतोच. अनेक अणूंच्या एकत्र वागण्यातून जे उभं राहतं तेही तितकंच खरं असतं, आणि काळही तसा खरा असू शकतो.

यापुढची मोजमापं आपल्या जवळपासच होणार आहेत. नारळीकरांनी उभारलेल्या पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत इटर्बियमच्या आयनावर चालणारं प्रकाशीय अणुघड्याळ घडवण्याचं काम चालू आहे. आणि परभणीच्या पलीकडे, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची गुरुत्वलहरींची वेधशाळा होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा वेधशाळेची अचूकता अखेर प्रकाशाच्या क्वांटम गोंधळापाशी अडते, आणि अमेरिकेतल्या लायगोत २०१९ पासून तो गोंधळ विशेष प्रकारे तयार केलेल्या प्रकाशाने कमी केला जातो. औंढ्यात लेसर, निर्वात नळ्या, कंपनं आणि आकडेमोड जाणणारी माणसं लागतील. जालना, परभणी, हिंगोलीच्या महाविद्यालयांत बीएस्सी करणाऱ्या मुलामुलींनी आयुकाच्या सुट्टीतल्या विद्यार्थी कार्यक्रमांची चौकशी आतापासूनच करावी, आणि त्यांच्या शिक्षकांनी त्यांना अर्ज भरायला लावावेत.